दुसरी रात्र, डबा आणि बोंडलं

"सिस्टर, दूधच उतरंना. बाळ रातभर रडतंय बघा." सांगली-मिरजेपासून आटपाडी-जतपर्यंत कुठल्याही प्रसूती वॉर्डात हे वाक्य ऐकायला मिळतं, आणि बहुतेक वेळा ते तिसऱ्या दिवशी सकाळीच मिळतं. तोवर उशाशी पावडरचा डबा उघडलेला असतो, शेजारी बाटली असते आणि बाळ गाढ झोपलेलं असतं. स्तनपान समुपदेशनाचं काम करणारे आम्ही खाटेजवळ स्टूल ओढतो तेव्हा दूध किती आहे हे विचारतच नाही. विचारतो ते दोनच प्रश्न. जन्मल्यावर पहिल्या तासात बाळ कुठं होतं? आणि काल रात्री त्याला काय पाजलं? तक्रार तिसऱ्या दिवसाची असली तरी तिचं मूळ बहुधा या दोन उत्तरांत असतं.

पहिल्या तासाचं काम खरं तर फार थोडं आहे. बाळ रडलं, श्वास नीट आहे असं दिसलं की ते कोरडं पुसायचं, तसंच उघडं आईच्या पोटावर पालथं ठेवायचं, डोक्याला टोपी घालायची आणि दोघांवर मिळून एक कोरडं कापड पांघरायचं. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची. वजन, व्हिटॅमिन के चं इंजेक्शन, पायाचे ठसे हे सगळं तासाभरानं केलं तरी चालतं. बाळ आधी पडून राहतं, मग जीभ बाहेर काढतं, हाताची मूठ चोखतं, पाय मारत वर सरकतं आणि साधारण अर्ध्या ते एक तासात स्वतःच छातीपाशी पोचतं. त्याला उचलून तोंडात कोंबायचं नसतं. अंग पुसलं तरी त्याचे ओले हात पुसून टाकू नयेत, त्यांवरच्या गर्भजलाच्या वासावरच ते वाट काढतं.

बिघडतं ते असं. टाके घालायचे असतात, पुढची बाई टेबलाची वाट बघत असते, म्हणून बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळून बाहेर नातेवाइकांकडे जातं. तिथं फोटो, पेढे, कानात नाव, जिभेवर मध. तास-दीड तासानं ते आईकडे परत येतं तेव्हा जन्मानंतरची जाग संपून ते झोपेला आलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, आणि पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं मात्र ४१.८ टक्के. बाई दवाखान्यापर्यंत आली, तिथं बाळ तिच्यापर्यंत पोचायचं राहिलं, असा याचा सरळ अर्थ आहे. यासाठी औषध लागत नाही, पैसा लागत नाही. प्रसूतिकक्षातल्या कामांचा क्रम तेवढा बदलावा लागतो, आणि नेमकं तेच अवघड जातं.

सिझरच्या बाईचं आणखी अवघड. कमरेतून भूल दिलेली असेल तर ती पूर्ण शुद्धीत असते, टाके चालू असतानाही बाळ तिच्या छातीवर आडवं ठेवता येतं. पण धरायला एक माणूस मोकळं लागतं, आणि ते माणूस ड्यूटीच्या यादीत नसतं. मग बाळ आजीच्या मांडीवर व्हरांड्यात दोन-तीन तास. रडलं की कुणीतरी चिठ्ठी घेऊन मेडिकलात धावतं. सिझरनंतर पहिल्या दिवशी आडवं पडूनच पाजायचं. आई कुशीवर, बाळ तिच्याकडे तोंड करून, बाळाच्या पाठीमागं गुंडाळलेलं लुगडं. दुसऱ्या दिवशी बसता आलं की काखेत कळशी धरतात तसं बाळ कुशीला धरायचं, पाय आईच्या पाठीमागं, डोकं पुढं. टाक्यांवर भार येत नाही. "कळशी" म्हटलं की बायकांना चटकन कळतं, चित्रं दाखवावी लागत नाहीत.

आता बाळ लावणं. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, आणि जायलाच हवा.

आधी आईची पाठ टेकवायची. वॉर्डातल्या खाटेला पाठ टेकायला धड काही नसतं, म्हणून भिंतीला खाट लावून मागं उशी द्यायची आणि पायाखाली स्टूल. आई बाळाकडे वाकली की पाच मिनिटांत मान-खांदे दुखतात आणि ती बाळ काढून घेते. बाळ तिच्याकडे आणायचं, तिनं बाळाकडे जायचं नाही. उजव्या बाजूला पाजायचं तर बाळ डाव्या हातावर घ्यायचं. तळवा बाळाच्या पाठीवर, अंगठा आणि बोटं मानेच्या दोन बाजूंना कानाखाली. डोक्यामागं हात नको. डोकं मागून दाबलं की बाळ उलटं मागं ढकलतं आणि मग सगळे म्हणतात, "बाळ धरंनाच." ते आई नको म्हणून ढकलत नाही, हात नको म्हणून ढकलतं.

बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडाच्या समोर. तोंड नव्हे, नाक. बोंड वरच्या ओठाला हलकंच लावायचं आणि थांबायचं. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडेल त्या क्षणी बाळ झटकन छातीकडे ओढायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. दोन बोटांच्या कात्रीत बोंड धरून देण्याची सवय जवळपास घरोघर आहे, आणि तीच नडते. ती बोटं नेमकी काळ्या घेरावर येतात, तो भाग बाळाच्या तोंडात जायला हवा असतो. त्याऐवजी तळवा खालून, अंगठा वर, दोन्ही घेराच्या बरेच बाहेर.

नीट लागलंय की नाही हे चार खुणांवरून बघायचं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी टेकलेली, आणि काळा घेर वरच्या बाजूला जास्त, खालच्या बाजूला कमी दिसणारा. सुरुवातीला भराभर चोखणं, पान्हा फुटला की सावकाश, खोल, मध्ये गिळल्याचा आवाज. गालाला खळ्या पडत असतील किंवा टक्‌टक् आवाज येत असेल तर फक्त बोंड तोंडात आहे. अशा वेळी तसंच ओढून काढू नये. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालायची, हवा शिरली की पकड सुटते, आणि पहिल्यापासून लावायचं. पाचदा लावावं लागलं तर पाचदा. पाजून झाल्यावर बोंड बघायचं. गोल असेल तर ठीक, बोरूच्या टोकासारखं तिरकं दबलेलं असेल तर पकड चुकतीय, आणि दोन दिवसांत तिथं चीर पडणार. चिरेला मलमं लावून भागत नाही. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब लावून वाळू द्यावा आणि पुढच्या वेळी पकड सुधारावी.

मग येते दुसरी रात्र. जन्मल्यावर पहिले वीस-चोवीस तास बाळ बरंचसं झोपतं. घरच्यांना वाटतं, शांत पोर आहे. दुसऱ्या रात्री दहा-अकराला ते जागं होतं आणि पहाटेपर्यंत छाती सोडत नाही. घेतलं की चोखतं, पाळण्यात ठेवलं की रडतं. हे उपाशी बाळाचं लक्षण असंही घरचे समजतात आणि कधीकधी स्टाफही. खरं तर ते दुधाची मागणी नोंदवत असतं. रात्री दूध तयार करणारं संप्रेरक जास्त असतं, म्हणून ते चोखणं वाया जात नाही. त्या वेळी छातीत चीक असतो, घट्ट, पिवळा, थोडा. किती थोडा? पहिल्या चोवीस तासांत एका वेळेला साधारण २ ते १० मिली, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. घरातला लहान चमचा ५ मिलीचा असतो. म्हणजे पहिल्या दिवशी अर्धा ते दोन चमचे, आणि ते बाळाला पुरतात.

चमच्यानं मोजून दाखवलं की आजीबाईंचा चेहरा बदलतो. कारण त्याच रात्री बाटलीत ३० मिली पावडरचं दूध कालवलेलं असतं. ते पोटात गेलं की बाळ चार तास झोपतं. घरचे म्हणतात, "बघा, भूकच होती." त्या चार तासांत छातीला दोन वेळा लागायचं राहिलं. छाती रिकामी झाली नाही की दूध बनवण्याचा वेग तिथंच कमी होतो, तसा निरोपच दुधातून मिळतो. शिवाय बाटलीच्या निप्पलमधून जिभेला कष्ट न पडता धार येते, छातीला लागल्यावर ती मिनिटभर येत नाही, बाळ चिडतं. पुन्हा बाटली. दोन दिवसांत "दूध पुरत नाही" हे खरं ठरतं, कारण ते तसं करून ठेवलेलं असतं.

म्हणून बाळंतपणाआधीच, सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला सासू किंवा आई सोबत येते तेव्हाच, त्यांना दुसऱ्या रात्रीबद्दल सांगून ठेवायचं. "आत्याबाई, दुसऱ्या रात्री बाळ लई रडणार हाय. तेव्हा डबा आणायचा न्हाय, बाळाला सुनेच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसायचं." आईला एकटीला सांगून उपयोग नसतो. रात्री अकराला निर्णय ती घेत नाही.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उलटा त्रास. दूध एकदम उतरतं, छाती दगडासारखी, कातडी चकाकते, अंगात कसर येते. बाळाला बोंड सापडत नाही कारण घेरच ताणून सपाट झालेला असतो. शेगडीचा शेक घेऊन जोरजोरात चोळणं हा घरचा उपाय, त्यानं सूज वाढते. छातीत त्या वेळी नुसतं दूध नसतं, रक्त आणि पाणीही साचलेलं असतं. करायचं ते असं: आईनं मागं रेलून बसायचं, पाचही बोटांची टोकं बोंडाच्या बुडाशी गोल ठेवायची आणि सरळ बरगडीकडे मिनिटभर दाबून धरायचं. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. सूज मागं सरकते, घेर मऊ पडतो, लगेच बाळ लावायचं. पाजल्यावर गार ओल्या कापडाची घडी. एका बाजूला लाल पट्टा, गाठ आणि थंडी वाजून ताप असेल तर पाजणं बंद करायचं नाही, आणि चोवीस तासांत उतार नसेल तर डॉक्टरांकडे जायचंच. "ताप आला, दूध नासलं, पाजू नको" हा सल्ला गाठीचं गळू करतो.

बोंड आत ओढलेलं असेल तर दहा मिलीची नवी सिरिंज लागते, मेडिकलात काही रुपयांना मिळते. सुई जिथं बसते ते टोक ब्लेडनं पूर्ण कापायचं. दट्ट्या बाहेर काढायचा आणि कापलेल्या बाजूनं उलटा आत घालायचा, म्हणजे कारखान्यातून आलेली गुळगुळीत कड छातीला टेकेल. इथं चूक होते. उलटं न करता कापलेलीच बाजू लावली तर कातडी चिरते. बोंडावर सिरिंज टेकवून आईनं स्वतःच दट्ट्या हळू ओढायचा, दुखायच्या आत थांबायचं, अर्धा ते एक मिनिट धरायचं. काढताना आधी दट्ट्या थोडा आत सोडायचा, मग सिरिंज उचलायची. पाजण्याच्या अगदी आधी हे केलं की बाळाला पकडायला काहीतरी मिळतं. मोठं बोंड असेल तर वीस मिलीची सिरिंज घ्यावी. आणि एक: बाळ बोंड चोखत नाही, छाती चोखतं. पकड खोल असेल तर बऱ्याच जणींना सिरिंजही लागत नाही.

दोन किलोच्या आसपासच्या बाळाचा हिशेब वेगळा. चोखायचं बळ कमी, चटकन दमतं. त्याला दर दोन तासांनी पाजायचं, आधी छातीला लावायचं आणि मग पिळून काढलेलं दूध. पहिल्या दिवशी किलोमागं ६० मिली धरलं तर दोन किलोच्या बाळाला दिवसाला १२० मिली, बारा वेळांत वाटलं की वेळेला १० मिली. नंतर रोज किलोमागं १५-२० मिली वाढवत १५० ते १८० पर्यंत न्यायचं. बाळ काचेच्या पेटीत वेगळं असेल तर आईनं पहिल्या सहा तासांच्या आत हातानं दूध काढायला सुरुवात करायची, दिवस-रात्र मिळून आठ ते दहा वेळा, एक वेळ मध्यरात्रीनंतरची. अंगठा आणि बोट बोंडापासून तीनेक सेंटिमीटर मागं, आधी बरगडीकडे दाबायचं, मग दोन्ही एकमेकांकडे. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. पहिल्या दिवशी पाच-सहा थेंब निघतात, ते सिरिंजनं टिपून बाळाकडे पाठवायचे. थेंब बघून आई रडते. तिला सांगायचं की आज थेंबच अपेक्षित आहेत.

पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं. चांदीचं बोंडलं आजही कितीतरी घरांत माळ्यावर असतं, ते खाली काढायला लावावं, कारण बाटलीपेक्षा ते केव्हाही बरं. फक्त दोन पथ्यं. त्याची अरुंद चोच आतून बारीक ब्रशनं घासून, मग भांडं बुडेल इतक्या पाण्यात दहा मिनिटं उकळायची. आणि बाळाला आडवं पाडून, नाक दाबून ढोसायचं नाही. बाळ अर्धवट बसतं धरायचं, चोच ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची, थोडं सोडायचं, गिळलं की पुढचं.

घरी सोडताना आईला मिलीलिटरचे नव्हे तर शी-शूचे आकडे द्यायचे. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त. शी आधी काळी चिकट, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. सांगलीत हळदीचा रंग कुणाला समजावून सांगावा लागत नाही, तेवढी एक सोय आहे. पाचव्या दिवशीही शी काळी असेल किंवा लंगोटावर विटकरी डाग असतील तर बाळाला दूध कमी पडतंय, थांबायचं नाही. वजन पहिल्या तीन-चार दिवसांत उतरतं. सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट अपेक्षित असते, म्हणजे तीन किलोचं बाळ २ किलो ८०० वर येणं हा घोटाळा नव्हे. दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर यायला हवं, पुढं रोज २५-३० ग्रॅम. झोळीच्या काट्यावर रिकाम्या झोळीसकट शून्य करून मगच बाळ ठेवायचं, नाहीतर झोळीचंच वजन बाळाच्या नावावर चढतं. तेच दुपटं एकदा धरून आणि एकदा न धरून वजन केल्यानं "बाळ आठवड्यात दोनशे ग्रॅम उतरलं" अशी घबराट झालेली आम्ही बघितली आहे.

आता धोरणाची गोष्ट, कारण इथून पुढं दवाखान्याचा हात सुटतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंनी घरी सहा वेळा यायचं असतं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. नंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. रचना चांगली आहे, पण ती बाई एकाच घरात राहते असं धरून केलेली आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या गावी, म्हणजे समजा वाळवा तालुक्यात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, खटाव किंवा कोरेगावला. माहेरच्या आशाताईच्या यादीत ही बाई नसते, सासरच्या आशाताईच्या यादीत असते पण घरात नसते. सगळ्यात मोलाची तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट अशीच हुकते. याला आमच्याकडे एकच साधा उपाय: सातव्या महिन्यात माहेरी आल्या आल्या माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन माहेरच्या उपकेंद्रात जायचं आणि आशाताईच्या वहीत नाव घालून घ्यायचं. दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी आशाताईला फोन करायचा. सव्वा महिन्यानं किंवा तिसऱ्या महिन्यात सासरी परतताना वजनाच्या नोंदींसह तेच कार्ड सासरच्या आशाताईला दाखवायचं. कार्ड सुटकेसच्या तळाशी नको, हाताशी हवं.

घरी गेल्यावर गुटी सुरू होते. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड उगाळून त्यात मध. यावर घरातल्या थोरांशी वाद घालून काही होत नाही. आम्ही दोनच गोष्टी ठामपणे सांगतो. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळ लुळं पडू शकतं. आणि जायफळानं बाळ झोपतं, झोपलेलं बाळ दूध पीत नाही. सहाण सहा महिने देव्हाऱ्यात राहू दे म्हटलं की कधीकधी ऐकतात. पाण्याचंही तसंच. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की "घसा सुकला असंल" म्हणून चमचाभर पाणी दिलं जातं. आईच्या दुधात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तहान लागली की बाळ थोडा थोडा वेळ, वारंवार पितं. पाणी बाळाला नको, आईला हवं. आणि नेमकं बाळंतिणीलाच "पोट सुटंल" म्हणून पाणी तोडलेलं असतं. अळीव, डिंक, बाजरी, लसूण खुशाल खावं, अंगात ताकद येते. दूध मात्र लाडवानं वाढत नाही, छाती रिकामी झाल्यानं वाढतं.

डब्याबद्दल कायदा काय म्हणतो हे वॉर्डातल्या बऱ्याच जणांनाही ठाऊक नसतं. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेनं आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विपणनाची संहिता मंजूर केली. तिच्या धर्तीवर भारतात १९९२ मध्ये कायदा झाला, २००३ मध्ये तो कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांसाठीचं पावडरचं दूध, बाळांचं डबाबंद अन्न आणि दूध पाजायच्या बाटल्या यांची जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू, दवाखान्यात फलक किंवा कॅलेंडर लावणं, आरोग्य कर्मचाऱ्यांना काही देणं, हे सगळं बंद. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डब्यावर बाळाचं चित्र चालत नाही. विक्रीला बंदी नाही, आणि खरोखर गरज असताना डॉक्टरनं डबा लिहून देणं हा गुन्हा नाही. म्हणून "या दवाखान्यात डबाच मिळणार नाही" असा बोर्ड लावण्यापेक्षा, डबा लिहिताना केसपेपरवर कारण लिहायची सवय लावली तर जास्त फरक पडतो. कारण लिहायला लागलं की चिठ्ठ्या कमी होतात.

कारण असतंही. काही आयांना दूध खरंच कमी येतं: बाळंतपणात फार रक्त गेलेलं, वारेचा तुकडा आत राहिलेला, थायरॉईड बिघडलेलं, छातीची आधी शस्त्रक्रिया झालेली, किंवा स्तनांची वाढच अपुरी. अशा बाईला "नीट लाव, येईल" असं म्हणत राहणं हा क्रूरपणा आहे, आणि आमच्या क्षेत्रात तो होतो. तिला वाटी-चमच्यानं नीट कालवलेली पावडर द्यायची, डब्यातलाच चमचा सपाट भरून, उकळून जरा वेळानं पण अजून कढत असलेल्या पाण्यात, आणि पिण्याजोगं गार करून. परवडत नाही म्हणून पाणी वाढवायचं नाही. दारात गाय आहे म्हणून निम्मं पाणी घातलेलं गाईचं दूध सहा महिन्यांच्या आत देऊ नये, त्यात लोह जवळपास नाही आणि वासराच्या मापाची प्रथिनं-क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत. छातीला लावणं सोबत चालू ठेवता येतं: वाटीत दूध, त्यात पाच किंवा सहा नंबरची बारीक नळी, नळीचं दुसरं टोक बोंडाशी टेकवलेलं. बाळ छाती चोखतं, नळीतून दूध येतं. वाटी वर धरली की धार वाढते, खाली नेली की कमी. दत्तक घेतलेल्या किंवा मध्ये पाजणं सुटलेल्या आईचं दूधही याच पद्धतीनं आणायचा प्रयत्न करतात, पण त्याला आठवडे लागतात.

नोकरी करणाऱ्या बायकांना रजेचा हिशेब आधीच करून द्यावा लागतो. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पण आठ आधी घेतले तर नंतर उरतात अठरा, म्हणजे सव्वाचार महिने, आणि निव्वळ अंगावर पाजायचं असतं सहा महिने. तब्येत धडधाकट असेल तर रजा शक्य तितकी उशिरा सुरू करावी. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा, तसंच मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या, हेही कायद्यात आहे. कुणी मागत नाही म्हणून कुणी देत नाही.

कामावर जायच्या दोन आठवडे आधीपासून रोज सकाळी, पहिल्या पाजण्यानंतर, एकदा दूध काढायची सवय करावी. आठ-नऊ तास बाहेर असाल तर अडीचशे-तीनशे मिली मागं ठेवून जावं लागतं. झाकणाच्या स्टीलच्या डब्या उकळून घ्यायच्या, एका डबीत एकाच वेळेचं दूध, वर वेळ लिहिलेली पट्टी. आपल्या उन्हाळ्यात बाहेर चार तासांपेक्षा जास्त भरवसा धरू नये, फ्रीजमध्ये आतल्या बाजूला चोवीस तास. दारात ठेवू नये, आणि लोडशेडिंग असेल त्या गावात हिशेब आणखी आखडता घ्यावा. वर साय आल्यासारखा थर दिसतो, दूध फाटलेलं नसतं, डबी हलकी फिरवली की मिसळतं. गरम पाण्याच्या वाटीत डबी ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही. प्रवासात एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष वापरावा. काही ठिकाणी त्याला कुलूप असतं, तेव्हा नियंत्रण कक्षात किल्ली मागावी. दोन-चार जणींनी मागितली की तो उघडा राहायला लागतो.

रजा नसलेल्या बायकांचं काय, याला धोरणात धड उत्तर नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात. बुडालेल्या मजुरीच्या मानानं ते थोडे आहेत. तासगावकडे ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की दोन-तीन महिन्यांची बाळंतीणही द्राक्षाच्या कामाला लागते. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की मराठवाड्यातनं आलेल्या ऊसतोड टोळ्यांत पहाटे चारला नवरा-बायकोचा कोयता फडात उतरतो. खाडा झाला तर मजुरी कापून जाते, म्हणून बाळ खोपीवर थोरल्या पोरीजवळ, हातात बाटली. तिची नोंद गावाकडे, बाळ इथं. माहेर-सासरचाच घोळ, फक्त जास्त लांबचा. अशा ठिकाणी आम्ही एवढंच बघतो की बाळ फडापर्यंत येतंय का. बांधावर झोळी बांधली, दर दोन-अडीच तासांनी दहा-पंधरा मिनिटं मिळाली, तर बाटली टळते. मुकादमाशी बोलायचं ते बाळ आजारी पडलं तर किती दिवसांचा खाडा होईल या भाषेत. ती त्याला समजते.

आणि संध्याकाळी रानातून आल्यावरचं पहिलं दूध "उन्हानं तापलेलं" म्हणून पिळून टाकायची पद्धत. दूध आत तापत नाही, अंगाच्या तापमानावरच असतं. तेच दिवसभरात साचलेलं दूध असतं, आणि बाळ त्याचीच वाट बघत असतं. बागेत औषध मारलं असेल तर आधी साबणानं हात-छाती धुवावी, झंपर बदलावा, तांब्याभर पाणी प्यावं. मग भिंतीला टेकून बसावं आणि बाळ घ्यावं.